केशोरीचं शून्य

तीन वर्षं हवामान खात्यातली साक्षी एकाच गोष्टीमागे लागली होती. शहरातल्या रडारला केशोरी गावावर पाऊस दिसायचा अन् केशोरीच्या पाऊसमापकात मात्र शून्य. एवढ्या लांब येईस्तोवर रडारचा झोत जमिनीपासून तीन किलोमीटर वर गेलेला असतो. म्हणजे वर पाऊस आहे, पण खालच्या कोरड्या हवेत तो वाटेतच वाळतो, असं तिनं मांडलं. शोधनिबंध छापायला गेला. साहेबाचं नाव वर, तिचं खाली. नेहमीचंच.

पण भर श्रावणात हवा एवढी कोरडी? तीन वर्षांत अडतीस वेळा? डोक्यातून ते जाईना. शेवटी ती स्वतःच केशोरीला गेली.

मापक बघायचे केवळराम, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. सकाळचे साडेआठ वाजलेले, अन् ते मापकातलं पाणी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात ओतत होते.

"काका, मोजलं?"

"कायले? तलाव चढलाच नाई."

"म्हणजे?"

"सांडव्याच्या दगडावर खूण हाय. पाणी बोटभर चढलं तं मोजतो. नाई चढलं तं तो का पाऊस हाय? आभाळ मुतलं. शून्य लिवतो."

साक्षीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तीन वर्षं माझं वाटोळं करून राहिले तुम्ही!"

"अन् तू कुठी होतीस तीन वर्षं? इथल्याच सौंदडची पोरगी तू, काही परदेशातली नाई. मोबाईलवर आकडा धाडा म्हणालीस, धाडला. आमच्या सात पिढ्या असंच पाणी मोजून राहिल्या. एक तलाव फुटला नाई."

साक्षीचा राग आणखी चढला. कोट्यवधींचं रडार आभाळ चाळतं, अन् खाली एक डबा बघायला वर्षातून एक माणूस फिरकत नाही. त्या न फिरकणाऱ्यांत ती पहिली.

तलावाच्या पाळीवर चढून तिनं साहेबाला फोन लावला अन् शून्यांचं खरं कारण सांगितलं.

"चूप बस," साहेब म्हणाला. "केशोरीला कोण जातंय तपासायला?"

"मी आले ना, सर."

"तुझी नोकरी कंत्राटी आहे. ध्यानात ठेव."

तिनं फोन कापला अन् उभ्याउभ्या संपादकाला लिहिलं: आकडे खोटे आहेत, निबंध छापू नका. पाठवलं. कंत्राट मार्चपर्यंतच होतं. आता कोण वाढवतो!

खाली केवळराम वही उघडून बसले होते. "मंग आज का लिवू? पाणी तं ओतलं."

"शून्य नका लिहू."

"मंग?"

"मोजलं नाही, असं लिहा."

"असं कोणी आपल्या हातानं लिवते का?" केवळराम तिच्याकडे डोळे वटारून पाहत राहिले. पेनाचं टोपण काही काढेनात.