उलट्या नळ्या

"मावशी, बाटली नीट धुतली नव्हती का?"

तरुण साहेबांनी एवढं म्हटलं मात्र, मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं तिनं याच प्रयोगशाळेत काच धुतली होती. केस पिकल्यावर अक्षरं गिरवली आणि तराजूवरचे आकडे वहीत उतरवायला शिकली. म्हणे बाटली!

बाटलीतलं थिनर तिच्या धाकट्या बहिणीनं आणलं होतं. ती चपलांचे तळ चिकटवायच्या कारखान्यात होती. चार महिने तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर विचारत होते, रोज हुंगता काय? मालक म्हणत होता, साधं स्पिरिट. बहिणीनं पुन्हा विचारलं, तर दुसऱ्याच दिवशी त्यानं सगळे डबे बदलले. लपवून आणलेलं हे एवढंसंच उरलं होतं, आणि तेही आता जळून गेलं.

पदार्थ जाळला की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं आणि कार्बनचा गॅस. एक नळी पाणी शोषते, पुढची गॅस. नळ्यांचं वजन किती वाढलं, त्यावरून सूत्र काढायचं. आज पाण्याची नळी तसूभरही वाढली नव्हती. "हायड्रोजनच नाही. नमुना खराब," असं लिहून साहेब मोकळे झाले होते.

मावशी भट्टीपाशी गेली. गॅसची नळी आधी लावलेली, पाण्याची मागे. गॅसची नळी मेली अधाशी, पाणीसुद्धा गिळते. मागचीला काय उरणार, कपाळ?

"नळ्या कुणी लावल्या?"

साहेबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "घाईत झालं. दुसरा नमुना आणा."

"कुठून आणू? बहिणीला पिळून काढू?"

तिनं वही त्यांच्यापुढे आपटली. "काल ताडून बघायला तुम्ही खरं स्पिरिट जाळलंत. शून्य दशांश तीन नऊ ग्रॅम. दोन्ही नळ्या मिळून वाढल्या एक दशांश दोन. आज माल तेवढाच, आणि ही एकटी वाढली एक दशांश पाच नऊ. दोन्ही गिळलं, तरी पोटातच आहे ना तिच्या?"

साहेबांनी पेन्सिल उचलली. बराच वेळ खरडलं.

"ऑक्सिजन नाही असं धरलं, तर जितके कार्बन तितकेच हायड्रोजन. बेंझीन असेल. ते रोज हुंगलं की रक्त नासतं." आवाज खाली आला होता. "पण ते धरावं लागतं. पक्कं नाही."

"आणि स्पिरिट नाही, हे?"

"ते पक्कं. स्पिरिटनं एवढं वजन वाढूच शकत नाही."

"मग पक्कं ते पक्कं लिहा, कच्चं ते कच्चं. आणि नळ्या उलट्या कुणी लावल्या, तेही."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"तिचं रक्त जातंय, साहेब."

साहेबांनी लिहिलं. मावशीनं एकेका अक्षराखाली बोट ठेवून कागद शेवटपर्यंत वाचला, आणि परत सरकवला.

"सही राहिली."

सही झाली. हात न पुसताच ती डॉक्टरांकडे निघाली. मागे दार असं आदळलं की कपाटातल्या काचा वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्यांची फिकीर वाटली नाही.