शर्यतीच्या दिवशीचे फडके

मित्रांनो, माझे नाव मोठ्याने घ्यायची पद्धत नाही. बायका मला नुसते 'ते' म्हणतात आणि पुरुष काहीच म्हणत नाहीत. मी एक जुने फडके आहे. मुलीबायका पाळीच्या दिवसांत जे कापड घेतात, ते मी. मालवणजवळच्या खाडीकाठी काशिनाथ मास्तरांचे घर आहे, त्याच्या गोठ्याच्या कुडात मला कोंबून ठेवले आहे. नाक मुरडू नका. तुमच्या आयांचे माझ्यावाचून कधी चालले नाही.

माझा जन्म मात्र थाटातला. मी अंजिरी रंगाचे लुगडे होते. मास्तरांनी एका चवथीला ते आपल्या बायकोसाठी, आनंदीबाईंसाठी, बाजारातून आणले. शेजारणी पदर चिमटीत धरून म्हणायच्या, "सूत कसां मऊ आसा गो!" कौतुकाचे दिवस थोडेच असतात. धुऊन धुऊन मी विरले आणि एका दुपारी आनंदीबाईंनी मला टर्रकन फाडले. त्यांची थोरली लेक कावेरी तेव्हा नुकतीच बाहेर बसू लागली होती. धाकट्या भावंडांना सांगत, तिला कावळा शिवला. मी इतके महिने तिच्या अंगाशी राहिले, तो कावळा मला एकदाही दिसला नाही.

मला धुवायचे चोरून आणि वाळवायचे गोठ्यामागे, तेही वर दुसरे कापड पांघरून. एवढे लखलखीत ऊन अंगणात सांडलेले असे, त्यात मिरच्या वाळत, आमसुले वाळत, फक्त मी तेवढे नाही. मी दमट राही, कुबट वास मारी आणि कावेरीच्या मांड्या सोलून निघत. मला त्याचा फार राग येई.

पण पोरगी पाण्यात उतरली की मासोळी! मास्तरांनी स्वतः तिला खाडीत पोहायला शिकवले होते. बासष्ट सालच्या थंडीत तिथे शाळांच्या मुलींची शर्यत ठरली. पहिली येईल ती रत्नागिरीला, जिल्ह्याच्या शर्यतीला जाणार होती. कावेरीने अजून कुडाळसुद्धा पाहिले नव्हते. मास्तर भेटेल त्याला सांगत, "माझां चेडू रत्नागिरी गाजयतलां, बघीत ऱ्हवा!"

शर्यतीच्या सकाळीच तिची पाळी आली. मास्तर सोवळ्याओवळ्याचे कडक. त्यांना कळले असते तर शर्यत राहिली बाजूला, पोरगी मागच्या पडवीत बसली असती. आनंदीबाईंनी जन्मात पहिल्यांदा नवऱ्यापासून काही लपवायचे ठरवले, आणि तेही लेकीसाठी. त्याबद्दल मी त्यांना कधीच बोल लावणार नाही. चूक झाली ती पुढे.

कावेरी म्हणाली, "आये, आता काय नको. कट्टा गावची सावित्री नर्स सांगत होती, पाण्यात असताना अंगावर ज्यास्त जाना नाय. पोवान इलंय की सुकां फडकां घेतंय."

"आणि धक्क्यार चढताना डाग दिसलो तर? सगळो गाव थंय उभो आसतलो!"

असे म्हणून त्यांनी मला तिहेरी दुमडले, आत जुन्या गोधडीचा तुकडा घातला आणि काथ्याच्या दोरीने करकचून बांधले.

"आये, जड लागता गो."

"पाण्यात सगळां हलकां होता."

आनंदीबाईंनी आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता.

कावेरीने सूर मारला आणि अर्ध्या खाडीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. धक्क्यावरून मास्तरांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. मी मात्र पाणी पीत होते. कापडाला दुसरे काय येते? मी फुगले, गोधडी दगडासारखी झाली आणि ओली दोरी सैल पडू लागली. मी सुटणार हे तिला कळले. सोडून दिले असते तर ती जिंकली असती, मित्रांनो! पण मी गावासमोर वर तरंगेन, अशी तिला धास्ती होती. म्हणून तिने मांड्या घट्ट आवळून मला धरून ठेवले. मांड्या आवळून कोणाला पोहता येते का? ती नुसत्या हातांनी पाणी कापत राहिली, मागे पडली, नाकातोंडात पाणी गेले आणि शेवटी होडीवाल्या गंगारामने तिला वर ओढले. तुळसा नावाची मुलगी पहिली आली.

डाग कुठेच लागला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना मास्तर म्हणाले, "चेडवाच्या जातीक दम नसता. चूक माझीच, माझी हौस." कावेरीने आईकडे पाहिले. आनंदीबाईंचे ओठ हलले. पण खरे सांगितले असते तर पहिला प्रश्न आला असता, विटाळ असताना ही घरात वावरलीच कशी? त्यांनी मास्तरांच्या पानात भात वाढला. कावेरी पुन्हा खाडीत उतरली नाही. लग्न होऊन ती दोडामार्गाकडे गेली तेव्हा आईने कापडांची घडी बांधून दिली. तिने त्यातून मला तेवढे वेगळे काढले आणि म्हणाली, "ह्या नको." आईने का म्हणून विचारले नाही.

मित्रांनो, आम्हाला साबणाने धुवा, खणखणीत उन्हात वाळवा. पाण्यात उतरायचे असेल तर आम्हाला काठावर ठेवा आणि बाहेर येताच कोरडे फडके घ्या. एवढे साधे आहे. त्या शर्यतीनंतर मास्तरांनी आपल्या शाळेतून एकाही मुलीचे नाव पाठवले नाही. आजही मुली विचारायला आल्या की ते तेच सांगतात, मुलींच्या जातीला दम नसतो, आणि आनंदीबाई उठून आत जातात. फडक्याचे कोण ऐकणार? तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने गेलात, तर मास्तरांना सांगा की कावेरीचा दम संपला नव्हता.