एक माळ वाढली

पनवेलच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, फक्त आता त्यात बांगड्या कमी आणि बल्ब जास्त. यावर ज्यांना हसायचं होतं ते हसून झालेत. काच ती काच. बांगडी मनगटात जाते, बल्ब मांडवात जातो, आणि हाताळणाऱ्याच्या अंगात घाई असली तर दोन्ही उकिरड्यावर जातात.

मी आशालता, जातीची कासारीण. पनवेलपासून उरणच्या रस्त्यापर्यंत किती आगरी घरांत मी नवरीचा हिरवा चुडा भरला, त्याला गणती नाही. मग माझे यजमान, कृष्णकांत, गेले. रीतीप्रमाणे जे व्हायचं ते झालं. वर्षश्राद्ध उरकलं आणि मी दुकानातल्याच हिरव्या बांगड्या काढून स्वतःच्या हातांत चढवल्या. मला आवडतात म्हणून. सगळा जन्म काच विकली आणि माझंच मनगट ओकंबोकं का ठेवू? झालं, त्या दिवसापासून निरोप यायला लागले, “चुडा भरायला कुणी सवाष्ण पाठवा.” दुकानात मी एकटी, पाठवणार कुणाला? एकेक घर दुसरीकडे वळलं. मी रडले, त्यांच्या नावानं बोटं मोडली, आणि दुकानाच्या माळ्यावर दिव्यांच्या माळा भरल्या.

तेव्हा लग्नांतला एलईडीचा निळा-जांभळा झगमगाट लोकांच्या डोळ्यांना खुपायला लागला होता. फोटोवाल्यांना पिवळा उजेड हवा होता, आत तार दिसणाऱ्या मोठ्या काचेच्या बल्बांचा. डेकोरेशनवाले ते ठेवायला तयार नसत, कारण जाताना अर्धे जायचे आणि येताना उरलेले. मला त्याची भीती नव्हती. माळ गुंडाळायची ती पुठ्ठ्याच्या नळीवर, बल्ब बाहेरच्या अंगाला, प्रत्येक वेढ्यावर जुन्या धोतराची पट्टी. खाली पेंढा, वर पेंढा, आणि आंब्याची रिकामी पेटी. पेटीवर पेटी चढवायची नाही. कार्य संपल्यावर गरम बल्बाला हात लावायचा नाही. पाहुण्यांचं जेवण होऊन पान खाऊन होईस्तोवर तो निवतो. आणि माळांबरोबर मी स्वतः जाते, मीच लावते, मीच उतरवते. हा माझा नियम आहे आणि तो मी कुणासाठी वाकवत नाही.

आणखी एक सवय आहे, ती मात्र जन्माची. कासाराच्या घरात काच कधी ‘फुटत’ नाही, ती ‘वाढते’. बांगडी पिचली तरी वाढली. बायाबापड्या सगळ्याच असं बोलतात, पण आमच्या तोंडात ‘फुटली’ हा शब्दच येत नाही. आला तर लहानपणी आई थोबाडीत द्यायची.

दोन हजार पंधरा सालच्या मे महिन्यात गव्हाणच्या शांतीबायचा फोन आला. तिच्या प्राचीची हळद होती आणि पोरीनं मोबाईलवर कुठे तरी हे बल्ब पाहिले होते. शांतीबायचा स्वतःचा चुडा मीच भरलेला. तिचे यजमान बुधाजी दोन वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून घरात त्यांच्या थोरल्या बहिणीचं, गुणाबाईंचं चालत होतं. सरकारनं घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेलं तीन मजली घर शांतीबायच्या नावावर होतं, पण शब्द गुणाबाईंचा.

हळदीच्या दुपारी कळंबोलीच्या मिथुनचा टेम्पो भरला आणि निघालो. मिथुन जपून चालवतो, पण उरणच्या रस्त्याची बंदराच्या ट्रेलरांनी चाळण केलेली. गव्हाणच्या फाट्याअलीकडे एका ट्रेलरनं दाबलं, टेम्पोचं मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि एक पेटी उडाली. उघडून पाहिली तर आतली माळ पार गेली होती. मी तिथूनच शांतीबायला फोन लावला.

“शांतीबाय, पोचतोच आम्ही. वाटेत एक माळ वाढली बघ.”

“वाढली? बरा झाला,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चक्क खूश होता. मला नवल वाटलं, पण ट्रेलरांच्या भोंग्यांत तिला काय ऐकू गेलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

पोचलो तर दारात मांडव, बेंजोवाले येऊन बसलेले, पाटावर हळदीची वाटी झाकून ठेवलेली. शांतीबाय कुठेच नव्हती. ती सापडली घराच्या मागच्या पडवीत, लसणाच्या ढिगासमोर.

“कासारीनबाय, ती एक वाढलेली माल हाय नं, ती हितं लाव,” ती हळूच म्हणाली. “पुढं काय लावायच्या त्या लाव. पन मी हितंच बसनार हाय. जरा उजेड तरी आसंल.”

“हितंच म्हणजे? पोरीला हळद लागताना?”

“गुनाआत्यांनी सांगितलाय. मी मांडवान नको.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हणाले होते वाढली, तिनं ऐकलं जास्तीची आली. आणि त्या नसलेल्या माळेवर बिचारीनं आपली संध्याकाळ बेतली होती. पोटच्या पोरीची हळद, आणि हिला मागच्या दारी एका माळेचा आनंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ती जास्तीची नाही गं,” मी म्हणाले. “कासाराची वाढली ती. बांगडी वाढते तशी.”

शांतीबायला कळलं. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. पण मागून आलेल्या गुणाबाईंनाही कळलं होतं.

“आज काच गेली?” त्या म्हणाल्या. “हलदीच्या दिवशी? तरी मी सांगत व्हते, हिला बोलवू नका. बाय, तुजा माल हितं ठेव. पोरं लावतील. तू मांडवाला हात लावू नको, आनि शांते, तू पडवीतून हलू नको.”

मनात आलं, आशालता, गप्प बैस. बांगड्या गेल्या, आता बल्बही जायचे. या एका घराच्या मागे दहा घरं आहेत, गुणाबाईंची जीभ पार उरणकडच्या द्रोणागिरीपर्यंत पोचते. माल ठेवायचा, टेम्पोत जाऊन बसायचं, उद्या येऊन उतरवायचा. कुणाला कळणार होतं?

मला कळणार होतं. मी मिथुनला हाक मारली आणि पेट्या परत टेम्पोत चढवायला सांगितलं.

गुणाबाईंचा चेहरा पडला. पोरीनं मैत्रिणींना फोटो पाठवून ठेवले होते, फोटोवाला तिवई मांडून बसला होता, आणि त्या वेळी दुसऱ्या माळा कुठून येणार?

“आगं, लावनार कोन मंग?” त्या म्हणाल्या.

“मी. मी लावल्या तर माळा आहेत, मी नको तर माळा नाहीत.”

“काच गेली तरी हिचा तोरा बघा. अपशकुन घेऊन आली आनि वर वाढली म्हनते.”

पडवीत भाजी चिरायला बसलेल्या बायका विळीवरचे हात थांबवून बघत होत्या. लहानपणी थोबाडीत बसलेली आठवली, पण मी तो शब्द ओढून बाहेर काढलाच.

“फुटली,” मी म्हणाले. “बरोबर आहे तुमचं, वाढली नाही, फुटली. रस्त्यात खड्डा होता, पेटी आपटली आणि काच फुटली. त्यात शकुन नाही, अपशकुन नाही. आता तुम्हीही खरं बोला. माझा नवरा गेला तेव्हा चार बायकांनी माझे हात पाट्यावर धरले आणि वरवंट्यानं माझ्या बांगड्या फोडल्या. रक्त आलं. आणि त्यालाही सगळ्या म्हणाल्या, वाढवल्या. काय वाढलं माझं? खड्ड्यानं फोडली तो अपशकुन, आणि माणसांनी फोडल्या ती रीत?”

मी वळले आणि घरातून थेट मांडवात आले. मिथुन एक पेटी टेम्पोत आणि एक पेटी खाली अशा अवस्थेत उभा होता. मी त्याला शिडी उतरवायला सांगितली. चढवायचं की उतरवायचं ते आता बघू, म्हटलं, पण शिडी मांडवात उभी राहणार.

शिडी उभी राहिली, पण मांडवाच्या मातीत तिचा एक पाय डुगडुगत होता. मिथुन वर पेट्या देणार, मग खाली धरायला माणूस हवं. बेंजोवाल्यांनी गुणाबाईंकडे बघून नजरा दुसरीकडे वळवल्या. मी तशीच पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पडले तर पडले.

शिडी एकदम स्थिर झाली. खाली बघितलं तर शांतीबाय. लसणाच्या हातांनी तिनं शिडीचे दोन्ही पाय आवळून धरले होते.

“शांते, मागं हो,” गुणाबाई दारातून म्हणाल्या.

“नाय व्हत.” शांतीबायचा आवाज मोठा नव्हता. “आत्या, माज्या पन फोडल्या. तुमीच धरला व्हता माजा हात, मी इसरले नाय. तवा मी काय नाय बोलले. पन ही पोर माजी हाय. पयली हलद मी लावनार. ज्याला बघवत नसंल त्यानं आताच घरा जावा. मंग मांडवातून उठायचं नाय.”

मला वरून सगळा मांडव दिसत होता. पाहुण्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एक म्हातारी उठली, मला वाटलं निघाली, पण तिनं आपली खुर्ची ओढून पाटाजवळ आणली आणि परत बसली. मग बाकीच्याही सरकल्या.

मी कामाला लागले. एकेक माळ सोडली, धोतराच्या पट्ट्या कमरेला खोचल्या, खांबाखांबाला वेढे दिले. शिडी हलवायची तिथे शांतीबाय ती हलवत होती आणि पुन्हा धरत होती. उजेड सरायच्या आत सगळं लागलं. मिथुननं बटण दाबलं आणि मांडवभर पिवळं ऊन पडलं.

प्राची पाटावर येऊन बसली. वाटीत हात घालायला गुणाबाई पुढे झाल्या, सवयच ती. पोरीनं हळदीची वाटी उचलली आणि दोन्ही हातांनी आईसमोर धरली.

शांतीबायनं हातसुद्धा धुतले नव्हते. तसाच लसणाचा हात तिनं वाटीत बुडवला, पोरीच्या दोन्ही गालांना पहिली हळद लावली, आणि मग तोच हात स्वतःच्या गालावरून फिरवला.