सात बटणं

बबडीला बटणं लावायला शिकवण्यात तिच्या आईची दोन वर्षं गेली होती. आई शिवणकाम करायची. तिने आधी कोटाची मोठी बटणं अन् ऐसपैस काजं करून दिली, मग हळूहळू काजं लहान करत आणली. आता बत्तिसाव्या वर्षी बबडीला गॅस बंद करायचं भान नव्हतं, रस्ता ओलांडताना हात धरावा लागायचा. पण शर्टाच्या सात बटणांच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला ऐकणारी नव्हती. वरून खाली, मोठ्याने मोजत लावायची.

तिला रोज गाडी न्यायला यायची ती गतिमंदांच्या दिवसभराच्या केंद्रात. तिचं तिथे जाणं चालू ठेवायचं की नाही, हे ठरवायला सरकारी साहेब घरी येणार होते. तिचं केंद्र बंद झालं असतं तर बबडीला घरी एकटं सोडून आईला शिवणाच्या दुकानात जाताच आलं नसतं.

पालक संघटनेच्या ताई आदल्या दिवशी बजावून गेल्या. त्यांचा मुलगाही असाच होता. असल्या तपासण्या त्या कोळून प्यायल्या होत्या.

"घर आवरायचं नाही. तिचं कौतुक सांगत सुटायचं नाही. सगळ्यात वाईट दिवस कसा जातो, तेवढंच सांगा."

आईने मान डोलावली आणि ताईंची पाठ वळताच घर लख्ख केलं. परक्या माणसापुढे पोटच्या पोरीची लाज काढायची? तिला ते जमणारच नव्हतं.

साहेब वीस मिनिटं बसले.

"घरी एकटी राहू शकतेस?" त्यांनी बबडीला विचारलं.

"हो."

"स्वयंपाक येतो?"

"हो."

पाहुण्यांना नाही म्हणू नये, हे आईनेच शिकवलेलं. वर आईलाही राहवलं नाही. "बबडी, साहेबांना बटणं लावून दाखव."

सातही लागली. साहेब "वा!" म्हणाले आणि आईला आभाळ ठेंगणं झालं. तीन आठवड्यांनी पत्र आलं: मुलगी स्वावलंबी आहे, केंद्राची गरज नाही.

ताईंनी आईला दोष दिला नाही. "अपील करू. पण समितीपुढे तिला काय काय येत नाही ते सगळं सांगावं लागेल. आणि तिला समोर बसवावंच लागतं, नियम आहे."

असल्या समित्यांना अर्धामुर्धा माणूस कळतच नाही. एक तर धड हवा, नाहीतर पार मोडलेला.

आईने सगळं सांगितलं. उघडा राहिलेला गॅस, ओली गादी, रस्त्यात मधेच बसून घेतलेलं. बबडी शेजारी बसून ऐकत होती. मधेच तिने हात वर केला.

"मला बटणं येतात!"

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खरंच येतात?"

ताईंनी खाली पाहिलं.

"मी लावते, बाई," आई म्हणाली. "तिला काही येत नाही."

बबडीने हात खाली घेतला.

अपील जिंकलं. संघटनेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईनेही वाजवल्या. सोमवारी सकाळी दारात गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा बबडी उघड्या शर्टाने खोलीत उभी होती.

"अगं, लाव ना पटकन. गाडी आली."

"मला येत नाही," बबडी म्हणाली. रागाने नाही, साहेबांना सांगावं तसं.

आईने तिच्यासमोर गुडघे टेकले आणि वरून खाली सातही बटणं लावली. मोजलं कुणीच नाही.