धाकट्याची सर्व्हिसिंग

माझा धाकटा भाऊ गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिस अॅडव्हायजर आहे. म्हणजे गाडीला काय हवंय ते त्याने सांगायचं आणि आपण मान डोलवायची. मी वर्षानुवर्षं डोलवली. घरचा माणूस तिथे असताना बाहेर कशाला जायचं?

मी फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे हलवते, त्यामुळे गाडीशिवाय माझं पान हलत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक. ऑइल बदलायला गाडी न्यावी, तर बिलात एसीचं निर्जंतुकीकरण, इंजिनाचं पॉलिश, शिवाय कसलंसं कोटिंग! काचेच्या खोलीत फुकटची कॉफी प्यायची आणि बाहेर पडताना पर्स झाडायची. मागच्या बिलापायी मी दाढेचं काम पुढे ढकललं आणि कितीतरी दिवस एकाच बाजूने जेवले.

परवा एका पेशंटच्या मुलाने गॅरेजचं बिल दाखवलं. गाडी माझ्यासारखीच. तेच ऑइल, तोच फिल्टर, आणि रक्कम निम्म्याहून कमी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच भावाला फोन लावला.

"ताई, त्या गॅरेजवाल्यांच्या नादी लागू नकोस," तो म्हणाला. "डुप्लिकेट माल घालतात. उद्या भर रस्त्यात गाडी बंद पडली, तर मला सांगायचं नाही. पुढच्या आठवड्यात तुझं बुकिंग करून ठेवतो."

मी जरा घाबरले, पण चीड काही जाईना. सुट्टीच्या दिवशी नुसती चौकशी करायला म्हणून त्या गॅरेजात गेले. आत जॅकवर एक पांढरी गाडी चढवलेली होती. तिच्या मागच्या काचेवर माझ्या भाचीने चिकटवलेलं बदक. आणि शेजारी उलट्या डब्यावर, मोबाइल चाळत, माझा सख्खा भाऊ!

"तू? इथे?"

तो ताडकन उठला. "ताई, हळू बोल ना."

"का? डुप्लिकेट माल ऐकेल?"

मेकॅनिकने गाडीखालून डोकं बाहेर काढलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने परत आत घेतलं.

"मला नाही गं परवडत तिथलं," भाऊ पुटपुटला.

"आणि मला परवडतं?"

"दर महिन्याला टार्गेट असतं, ताई. बाकीची गिऱ्हाइकं भांडतात, एकेक काम खोडायला लावतात. तू..." त्याने नजर चुकवली. "तू मला कधीच नाही म्हणत नाहीस."

चोरी पकडल्याचा आनंदही त्याने मला लाभू दिला नाही. संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या गाडीची किल्ली मेकॅनिकच्या पेटीवर ठेवली आणि वळले, तर हा मागोमाग आलाच.

"ताई, महिनाअखेर आहे. तेवढं बुकिंग राहू दे ना?"

"नाही," मी म्हणाले.

तो तसाच उभा राहिला, मी पुढे आणखी काहीतरी बोलेन म्हणून.