परतीची तारीख

"परतीची तारीख तिकिटावर पक्की असते गं, आपल्या हातात काही नाही," असं थोरल्याने आईला तोंड वर करून सांगितलं होतं. तारीख त्यानेच परवा विमान कंपनीला फोन करून घातली होती. त्याच्याकडे राहायला आलेली आई हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची, त्याचीच त्याला अडचण व्हायला लागली होती.

विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी तिकीट पाहिलं. "आजी, हे तर ओपन तिकीट! वर्षभरात कधीही परत जाता आलं असतं. महिन्यातच कंटाळलात होय?"

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "हा राहा राहा म्हणून मागे लागला होता," ती हसून म्हणाली, "मीच हट्ट धरला."

"नशीबवान आहात, आजी," बाई थोरल्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या.