नाही म्हणणारी चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. त्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी बाईंनी मला दक्षिणेकडच्या उतारावर टेकवलं, गुडघ्यांवर बसून माझ्या आत नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “इथेही नाही.”

त्यांची मुलगी छत्री धरून उभी होती. “नाही तर नाही. चल ना आई, पोटात कावळे ओरडताहेत.”

“नाही हेसुद्धा लिहावं लागतं, बाळा.”

दुसऱ्या दिवशी बाई झोपेतून उठल्याच नाहीत.

मला एका सुताराने उरलेल्या फळीतून घडवलं. “एवढ्याशा चौकटीला दार कुठलं लावणार?” त्याने विचारलं होतं. पण माझे कोपरे त्याने अचूक काटकोनात बसवले.

बाई वनस्पतींच्या अभ्यासक. एक औषधी झुडूप कुठे जगू शकेल, याचा नकाशा त्या बनवत होत्या. मला जमिनीवर ठेवायचं, आतली झुडपं मोजायची, ओलावा आणि सावली टिपायची, हे आमचं काम. झुडूप सापडलं की पाहुणे माझ्यासोबत फोटो काढत. मी रिकामी राहिले की कचेरीतल्या साहेबांचं तोंड कडू होई.

“बाई, किती नाही-नाही आणता हो! नकाशा हिरवा दिसला पाहिजे.”

“मग रंगारी बोलवा, साहेब.”

घरी मुलगी म्हणे, “जाऊ दे ना आई. कशाला त्यांच्याशी डोकं लावतेस?” बाई मला भिंतीशी ठेवत, जरा आपटूनच.

बाई गेल्या आणि साहेबांनी सगळ्या रिकाम्या जागा पुसून टाकल्या. तो उन्हात भाजणारा उतारही हिरवागार केला. वर बाईंचं नाव छापलं, ठळक. आता लोक भरवशाने तिथे रोपं लावणार, ती करपणार आणि शिव्या बाईंना बसणार! मी जिन्याखाली, फुटक्या बादल्यांशेजारी पडून होते. लाकडाला राग येत नाही, असं कोण म्हणतं?

मित्रांनो, वस्तू जपा, पण तिने सांगितलेलं खरंही जपा. एखाद्या जागी काही नाही, हेसुद्धा कुणीतरी गुडघे खरचटून शोधलेलं असतं.

नकाशाच्या प्रकाशनाला मला पॉलिश करून मंचावर उभं केलं. साहेबांनी माईक हातात घेतला. “बाईंचं स्वप्न आज पूर्ण झालं. ताई, दोन शब्द बोला.”

मुलीने नकाशा पाहिला. तिचं बोट त्या उतारावर थांबलं.

“इथे हे झुडूप जगत नाही,” ती माईकवर म्हणाली. “माझ्या आईने मोजलं होतं. तुम्ही पुसलंत. तिचं नाव काढा यावरून.”

“ताई, हे आपण नंतर बोलू,” साहेब कुजबुजले.

“नंतर कधी? ती गेली.”

तिने माझ्या कडेवर हात ठेवला. जे ऐकायची बाईंनी घरात वर्षानुवर्षं वाट पाहिली, ते ती सगळ्यांदेखत, मोठ्याने म्हणाली:

“आई, तुझं बरोबर होतं.”